सलोख्याची चकती

तुम्ही माझ्या हातातले चार बाण काढून घेतलेत, आणि मला विचारलं नाहीत. वरचा, खालचा, डावा, उजवा. त्यांच्याबरोबर अंतराचे आकडे भरायचे रकाने गेले. ते छोटं कुलूपही गेलं, जे लावलं की पानावरची गोष्ट जिथे ठेवली तिथेच राहायची. एका मंगळवारी सकाळी मी दुकान उघडलं, संगणकाचा पडदा चालू केला, तर ही सगळी बटणं जिथे असायची तिथे एक गोल चकती होती. तळहाताएवढी, फिकट हिरवी. खाली एकच शब्द: सलोखा.

मी ती फिरवली. काही हललं नाही. उलटी फिरवली, तरी नाही. मग मान वळवून समोरच्या चहावाल्याला हाक मारली आणि परत पाहिलं, तर पानावरचा गणपती डावीकडे सरकून बसला होता. त्या सकाळी जो गोंधळ माझ्या डोक्यात सुरू झाला तो अजून निवळलेला नाही. तुम्हाला मात्र सगळं स्वच्छ दिसत असणार. चकती तुमची आहे.

बार्शीत बाजार समितीच्या कमानीसमोर माझं दुकान आहे. मी लग्नाची पानं बनवते. कागदी पत्रिका आता देवापुढे ठेवायला एखादी छापतात. बाकी सगळं आमंत्रण फोनवर, वेबच्या पानावर. तुमच्या कंपनीचं पान बनवायचं साधन त्यासाठी चांगलं होतं, हे मी नाकारत नाही. कोड लिहायचा नाही. नावांची चौकट उचलायची, ठेवायची, बाणांनी ढकलायची, कुलूप लावायचं. मला कुणी शिकवलं नाही. पानं बिघडवत बिघडवत शिकले.

लग्नाच्या पानात मजकुराला किंमत कमी आणि जागेला जास्त, हे तुमच्या लोकांना ठाऊक नसावं, म्हणून सांगते. 'निमंत्रक' या शब्दाखाली ज्याचं नाव, तो त्या लग्नाचा धनी. व्याही त्याच्यापुढे हात जोडणार, कन्यादान त्याच्या हातून होणार. हे पानावर कुठेच लिहिलेलं नसतं. नाव कुठे आहे त्यावरून बारशाच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं. काकाचं नाव मामाच्या वर गेलं तर मामा लग्नाला येतो आणि जेवत नाही. थोरला जावई धाकट्याच्या ओळीत बसला तर मला फोन येतो, आणि तो फोन मी कानापासून हातभर लांब धरते. माझा अर्धा धंदा म्हणजे एखादी चौकट बोटभर वर किंवा खाली करणं. त्या बोटभरासाठी मला ते बाण लागतात.

त्या मंगळवारी तुमच्या 'चावडी'वर, म्हणजे वापरणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायच्या पानावर, नुसता कल्ला होता. नांदेडच्या एका फोटोवाल्यानं लिहिलं होतं की जुनी बटणं परत द्या, नाहीतर मला दुसरा धंदा शोधून द्या. सावंतवाडीची एक खानावळवाली सांगत होती की तिच्या जेवणाच्या पानावर सगळ्यांत वर सुकट आहे, पण शेजारच्या माळकरी काकांना ती दिसलीच नाही; ते पहिल्यांदाच तिच्याकडे जेवायला आले आणि दारातूनच नाक धरून परत गेले. एका शाळेतल्या सरांची तक्रार अशी की वेळापत्रकाच्या पानावर पोरांना गणित तळाशी दिसतं आणि मुख्याध्यापकांना सगळ्यांत वर. कोल्हापूरच्या कुणीतरी फक्त एक शिवी लिहिली होती. तिला सगळ्यांत जास्त अंगठे मिळाले होते.

तुमचं उत्तर आलं: 'मांडणी आता तुमची नाही, पाहणाऱ्याची आहे. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.'

मग मी तुम्ही लिहिलेलं सगळं वाचून काढलं. समजेपर्यंत वाचलं. माणूस वाचतो तेव्हा त्याचा डोळा ओळीवरून सरकत जात नाही, उड्या मारतो. एका शब्दावर टेकतो, उडी, पुढच्यावर टेकतो, उडी. काही खटकलं की उडी मागे पडते. बाहुली किंचित मोठी होते. पापणी लवायची थांबते. हे इतक्या झपाट्यानं होतं की ज्याचा डोळा त्यालाही पत्ता लागत नाही. पण हल्लीचे फोन डोळा ओळखूनच उघडतात, म्हणजे त्यांच्यात कॅमेरा आणि न दिसणाऱ्या उजेडाचा दिवा आधीच बसवलेला आहे. तुम्ही तोच वापरलात. पान उघडताना डोळा कुठे अडखळला ते मोजायचं आणि सगळ्याचा मिळून एक आकडा करायचा. त्या आकड्याला तुम्ही 'खटक' म्हणता. मग यंत्र चौकटी हलवून बघतं, खटक कमी होते का. ज्या मांडणीत ती सगळ्यांत कमी, ती त्या माणसाची मांडणी. पान डोळ्यांपुढे स्थिर होईपर्यंत हे उरकलेलंही असतं.

चकती कशासाठी, तर यंत्रानं किती जोरात सलोखा करायचा ते ठरवायला. अगदी शून्यावर मात्र ती जात नाही. मी जोर लावून पाहिला.

तुम्ही अभिमानानं लिहिलंय की आम्ही एकही अक्षर बदलत नाही. खरं आहे. अक्षर बदलायची गरजच काय?

हळूहळू चावडी शांत झाली. कारण गिऱ्हाइकं खूश होती. माझ्याकडे काका-मामांचे फोन यायचे बंद झाले. काकाला काका वर दिसत होता, मामाला मामा. थोरल्या जावयाला धाकटा जावई बहुधा दिसतच नसावा. खरं सांगायचं तर मलाही चार दिवस बरं वाटलं. हातभर लांब धरायला फोनच वाजत नव्हता.

अशात प्रमिलाताई पवार केतकीला घेऊन दुकानात आल्या.

प्रमिलाताई एसटीच्या डेपोत चौकशीच्या खिडकीत असतात. प्रत्येक फलाटावर आता पडदे लागलेत, तरी प्रमिलाताईंनी पुकारल्याशिवाय माणसं बाकावरून उठत नाहीत. केतकी लहान असताना नवरा घरातून गेला आणि पुण्यात दुसरा संसार मांडून बसला. केतकी आता सरकारी दवाखान्यात रक्त तपासते. परांड्याच्या निनाद गव्हाणेशी तिचं ठरलं होतं. तो द्राक्षबागांवर ड्रोननं फवारणी करतो. शांत मुलगा, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघतो.

केतकीचं म्हणणं एकच होतं. निमंत्रक म्हणून आईचं नाव, आणि एकटीचंच. बापाचं नको, सदामामाचंही नको. सदामामा म्हणजे प्रमिलाताईंचा भाऊ, गाड्यांचं वायरिंग करतो. भला माणूस, त्यालाही हेच हवं होतं. कन्यादान आईच करणार. नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं एकटीनं पाटावर बसून कन्यादान करायचं, हे आमच्याकडे अजून सहज पचत नाही. केतकीला ते पचवायचंच होतं.

मी नावाआधी काय लावू विचारलं. सौ. की श्रीमती?

"सौ. लावलंस तर लोक नवरा शोधतील, श्रीमती लावलंस तर तेरावं कधी झालं विचारतील," प्रमिलाताई म्हणाल्या. "नुसतं प्रमिला पवार लिही. डेपोत तसंच ओळखतात मला."

मी केतकीला विचारलं, परांड्याच्या लोकांना हे माहीत आहे का. ती म्हणाली, निनादला माहीत आहे, त्याला पूर्ण मान्य आहे. घरी मात्र त्यानं तोंडानं सांगितलेलं नाही. पान गेलं की कळेलच, असं तो म्हणाला होता.

इथे थांबा आणि नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. आमच्याकडे अवघड गोष्ट कुणी समोरासमोर सांगत नाही. ती पत्रिकेत घालतात. समोरच्यानं ती वाचायची, चिडायचं, फोन करायचा. फोन आला तर दोन बैठका होतात, चहा होतो, तोडगा निघतो. फोन आला नाही, तर मान्य आहे असं धरतात. ही आमची रीत चांगली की वाईट ते मला माहीत नाही, पण तिच्यावर हजारो लग्नं लागली आहेत. तिच्यासाठी एकच गोष्ट लागते. पान दोघांना एकच दिसायला हवं.

मी पान केलं, सदामामाचं नाव खाली 'आपले स्नेहांकित'मध्ये घातलं. कुलूप नव्हतं, म्हणून नीट तपासलं. माझ्या फोनवर पाहिलं, प्रमिलाताईंच्या, केतकीच्या. तिन्हीकडे निमंत्रक प्रमिला पवार. रविवारी निनाद केतकीबरोबर आला, दोघांनी एकाच फोनवर डोकं लावून पाहिलं. तिथेही तसंच. "छान झालंय ताई," तो म्हणाला. माझ्या लक्षात हे आलंच नाही की ज्यांना ते नाव वर हवं होतं त्यांच्याच डोळ्यांनी मी पान तपासत होते. यंत्राला दोन चेहरे दिसले की ते दोघांची खटक एकत्र मोजतं, आणि केतकी शेजारी असताना निनादचा डोळा कुठे अडखळणार?

पान परांड्याला गेलं. मी फोनची वाट पाहिली. मुलाकडच्यांचा फोन आला नाही असं पान माझ्या हातून कधी गेलेलं नाही. फोन आला नाही. उलट निनादचे वडील भगवानराव यांचा प्रमिलाताईंना निरोप आला: 'पान पाहिले. रीतीला धरून आहे. आनंद वाटला.'

प्रमिलाताई तो निरोप दाखवायला दुकानात आल्या. 'रीतीला धरून' म्हणजे काय गं, असं विचारत होत्या. मलाही कळेना. मी म्हटलं, माणसं बदलतायत ताई. त्या बाकावर टेकल्या आणि निरोप पुन्हा एकदा वाचला. मग पेढे आणायला गेल्या. केतकी संध्याकाळी येऊन रडली. सासरा इतका मोठ्या मनाचा निघेल असं तिला वाटलं नव्हतं, असं म्हणत होती.

लग्न सकाळचं होतं. मी पान बनवणारी, पण प्रमिलाताईंनी हळदीपासून मला घरात घेतलेलं, त्यामुळे मांडवात पुढेच होते. गुरुजींनी पाट मांडले, आपल्या फोनवर पान पाहिलं आणि माइकवरून मुलीच्या मामा-मामींना बोलावलं. सदामामा नेहमीच्या शर्टात, स्वयंपाकाकडे मठ्ठ्याच्या पिंपाशी होता. हात पुसत आला, त्याला वाटलं सिलिंडर हलवायचाय. गुरुजींनी पाटाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, मी कशाला, ताई बसतेय. नवी साडी नेसून तयार असलेल्या प्रमिलाताई तोवर पुढे आल्याच होत्या.

भगवानराव उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं की पानात तर निमंत्रक मामा आहेत, मग आता हे काय. प्रमिलाताई म्हणाल्या, पानात मी आहे. भगवानरावांनी खिशातून फोन काढून पान उघडलं आणि त्यांना दाखवायला पुढे केला. फोन प्रमिलाताईंच्या हातात पडेपर्यंत पान सरकलं. त्यांनी पाहिलं तर निमंत्रक त्याच. "हे बघा, तुमच्याच फोनात आहे की," म्हणून त्यांनी फोन परत दिला. भगवानरावांनी पाहिलं तर मामा. प्रमिला पवार हे नाव खाली, 'आपले स्नेहांकित'मध्ये, डेपोतल्या सहकाऱ्यांच्या आणि घरमालकांच्या मध्ये कुठेतरी. फोन असा दोनदा गेला आणि आला. दोघंही एकमेकांकडे, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं बघायला लागले.

मग सगळ्यांनी आपापले फोन काढले. निनादची आत्या शेजारणीला आपला फोन दाखवून म्हणत होती की तूच वाच, आणि शेजारीण वाचत होती ते आत्याला पटत नव्हतं. सदामामाच्या फोनवर त्याचं नाव अगदी तळाशी होतं. त्याला कुठे पुढे यायची लाजच वाटते. एका म्हाताऱ्या आजोबांना फक्त जेवणाची वेळ दिसत होती, मोठ्या अक्षरात, आणि त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं.

"दोन्हीकडं गोड बोलायची पद्धत आहे काय ओ तुमच्या दुकानात?" आत्या माझ्याकडे वळून म्हणाली. "त्यांना एक पान, आम्हाला एक?"

मी सांगायला गेले की पान एकच आहे. कोण ऐकतंय. कुणीतरी म्हणालं, एकच असेल तर सगळे मिळून एका फोनवर बघू. भगवानरावांनी फोन मध्ये धरला. दोन्हीकडची डोकी त्यावर वाकली. कॅमेऱ्यानं चेहरे मोजले, सगळ्यांची खटक एकत्र केली, आणि पान हलायला लागलं. प्रमिलाताईंचं नाव खाली गेलं, मामाचं खाली गेलं. भगवानरावांचंही घसरलं. मग 'निमंत्रक' हा शब्दच घसरला, कारण कुणाला ना कुणाला तो खटकत होता. एकेक चौकट पडद्याच्या तळातून निघून गेली. वर राहिला गणपती आणि खाली मुहूर्ताची वेळ. मधली सगळी जागा पांढरी. सगळ्यांना चालेल असं तेवढंच उरलं होतं. आणि मुहूर्त टळत चालला होता.

मी म्हटलं, फोन दाखवू नका, आपापल्या पानाचा फोटो काढा. फोटो हलत नाही. तसं केलं, दोन फोटो शेजारी-शेजारी धरले. मग मी चकतीचं सगळं सांगितलं, जेवढं मला कळलं होतं तेवढं. आत्यानं विचारलं, म्हणजे फोन माझ्या डोळ्यात बघून ठरवतो मला काय दाखवायचं? मी हो म्हटलं. तिनं फोन पालथा करून मांडीखाली ठेवला.

प्रमिलाताईंनी गुरुजींच्या पुढचा माइक उचलला. गाडी पुकारतात त्याच आवाजात.

"निमंत्रक प्रमिला पवार. मुलगी माझी आहे, कन्यादान मी करणार आहे. पानात हेच लिहिलं होतं. ज्यांना चालत नाही त्यांनी बोलावं, मी इथेच उभी आहे."

आवाज काही माणसागणिक जागा बदलत नाही. सगळ्यांना एकच ऐकू आलं. आणि जे भांडण पान गेलं त्याच आठवड्यात दोन घरांत निवांत व्हायला हवं होतं, ते भर मांडवात झालं. आत्या शकुनाचं बोलली. डेपोतल्या बाया तिच्यावर तुटून पडल्या. कुणी नवऱ्याचा विषय काढला, कुणी तो काढणाऱ्याच्या नवऱ्याचा. प्रमिलाताई माइक धरून उभ्याच होत्या. भगवानराव सगळ्यांत शेवटी बोलले.

"मला हे पानात दिसलं असतं तर मी त्याच दिवशी बार्शीला आलो असतो," ते म्हणाले. "भांडलो असतो. चहा न पिता गेलो असतो. मग घरी हिनं मला सुनावलं असतं आणि शेवटी मी बरं म्हणालो असतो. आता एवढ्या माणसांत कसं म्हणू?"

"म्हणा की," निनादची आई बसल्या जागेवरून म्हणाली. "तेवढंच लवकर उरकेल."

लोक हसले. भगवानरावही ओठांतल्या ओठांत हसले आणि हात जोडून प्रमिलाताईंना म्हणाले, बसा ताई पाटावर. सदामामा मठ्ठ्याकडे परत निघाला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात केतकी आतून आली. मुंडावळ्या बांधलेल्या, मेंदीचा हात साडीपासून लांब धरलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. ती निनादपाशी गेली आणि म्हणाली, तू एकटा असताना ते पान उघडलंस का कधी? तो म्हणाला, उघडलं असेल. ती म्हणाली, आत्ता उघड. त्या खांबापलीकडे जा आणि एकटा बघ.

तो गेला. खोटं बोलता आलं असतं, कुणी त्याच्या मागे गेलं नव्हतं. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"मामा," तो म्हणाला. "मला पण मामाच दिसतायत वर."

केतकी त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं फोनमध्ये पाहिलं. दोघांसमोर पान सरकलं. आईचं नाव वर आलं. ती दोन पावलं मागे सरली. त्याच्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं की नाव पुन्हा खाली गेलं.

"तुला आईचं नाव खटकतं," ती म्हणाली.

"नाही गं. मला तसं वाटत नाही. ते नाव बघितलं की बाबा काय म्हणतील ते आठवायचं. पोटात गोळा यायचा."

"मग तो गोळा होता का खटकणं होतं?"

"मला काय माहीत, केतकी? पान हललं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मला वाटलं तू आणि ताईंनी मागाहून बदललं असेल, मामांचं नाव वर घातलं असेल. मला बरंच वाटलं."

हे शेवटचं त्यानं बोलायला नको होतं. पण तो खरं बोलत होता.

केतकीनं मुंडावळ्या सोडल्या आणि आईच्या हातात दिल्या. लग्न मोडलं असं ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की हे कळल्याशिवाय मला अंतरपाटामागे उभं राहता येणार नाही. प्रमिलाताईंनी तिला एका शब्दानं अडवलं नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून पंगती बसल्या. केतकीनं साडी बदलून निनादच्या आईला स्वतः वाढलं. त्या बाईंनी तिचा हात धरून ठेवला होता.

पुढच्या आठवड्यात निनाद माझ्या दुकानात आला. तो कुणावर चिडलेला नव्हता, चक्रावलेला होता. आपल्या डोळ्यांनी आपल्याला न सांगता काहीतरी सांगितलं, आणि काय सांगितलं ते आपल्यालाच कळत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "मी वाईट आहे का भित्रा आहे, एवढं तरी कळू दे, ताई," म्हणाला. त्यानं तुमच्याकडे स्वतःच्या नोंदी मागितल्या. तुम्ही कळवलंत की खटक हा एकत्रित आकडा असून तो पाहणाऱ्याच्या सोयीसाठी असतो.

केतकी दुसऱ्या दिवशी आली. मी तिला समजवायला गेले की पोरगा चांगला आहे, बापाला भितो एवढंच. ती म्हणाली, असेलही. पण माझे वडील गेले त्याआधी घरात एकही भांडण झालं नव्हतं. सगळं छान चाललं होतं. त्यांना काय खटकत होतं ते आईला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि ती अजून अधूनमधून, भांडी घासताना वगैरे, त्याचाच विचार करत असते. मला तसं जगायचं नाही.

ती गेल्यावर मी पडदा चालू केला.

मी चावडीवर सगळं लिहिलं. माझ्या फोनवर माझी तक्रार सगळ्यांत वर दिसत होती. काही हालचाल होईना म्हणून तुमच्या मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड होती. ती खरोखर गोंधळून म्हणाली, "पण ताई, आमच्याकडे तर सगळे खूशच दिसतात." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती चावडीही तुम्ही याच साधनानं बनवली आहे. तुमच्या डोळ्यांना जे खटकतं ते तुमच्याही पडद्यावर तळाशी जातं. तुम्ही खोटं बोलत नव्हता. तुम्हाला दिसतच नव्हतं. यानं माझा राग कमी व्हायला हवा होता, पण तो वाढला.

म्हणून हे छापील अंकात लिहिलंय. कागदाला डोळे नाहीत. तुमच्यातल्या कुणाच्या टेबलावर हा अंक पडला तर हे वाक्य याच जागी सापडेल, आवडो न आवडो.

आता उत्तर द्या. खटकेचा आकडा बऱ्याच गोष्टी मिळून बनतो हे तुम्हीच लिहिलंय: मागे पडलेली उडी, मोठी झालेली बाहुली, थांबलेली पापणी, आणि आणखी काय काय. म्हणजे ते वेगवेगळं मोजलेलं कुठेतरी आहे. परांड्यात एका मुलानं एकट्यानं पान उघडलं, प्रमिला पवार या नावावर त्याचा डोळा अडखळला आणि तुम्ही ते नाव खाली नेलंत. तो कशानं अडखळला? बापाच्या धाकानं, की त्या नावापुढे नवरा नाही म्हणून? त्यानं स्वतः संमती लिहून दिली आहे, त्यामुळे गोपनीयतेचं कारण सांगू नका. तुम्हाला माहीत असेल तर ते वेगळं करून त्याच्या हातात द्या. माहीत नसेल, भीती आणि नावड तुमच्या यंत्राला सारखीच दिसत असेल, तर तसं सहीनिशी लिहून द्या, म्हणजे केतकी निदान यंत्राचं ऐकायचं सोडून त्या पोराचं ऐकेल. ती थांबली आहे, तोही थांबला आहे. तुम्हाला माहीत आहे, की नाही?